फ्रीजला घातलेली झूल

घुग्घुसमध्ये कुणाच्याही घरी जा, वस्तू दिसायच्या आधी तिचं कव्हर दिसतं. खाणींमधल्या कोळशाची धूळ इतकी बारीक, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहून घ्यावं. म्हणून टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, आणि मी तर शिवणकाम करणारी बाई. माझ्या फ्रीजला बाजारातलं प्लास्टिक? छट्! ब्लाउजांच्या उरलेल्या चिंध्या जोडून, आत जुनी चादर घालून मी गोधडीसारखी जाड झूल शिवली. वरून, दोन्ही बाजूंनी, मागच्या जाळीवरूनसुद्धा. फक्त दार उघडं ठेवलं. गल्लीतल्या बायांना बोलावून बोलावून दाखवली.

फ्रीज माझ्या शिवणाच्या पैशाचा होता. दुकानात जाऊन, चारदा दार उघडून-लावून मी स्वतः निवडलेली घरातली ती पहिली वस्तू. त्यामुळे लाइटबिल हातात धरून नवरा जेव्हा म्हणाला, "हा फ्रीजच करंट खाऊन राह्यला," तेव्हा माझं डोकं सणकलं.

"काऊन? तुमचा कूलर का उपाशी राह्यते?"

"अवं, कूलर बंद करून दोन महिने झाले. हा त दिवसभर घरघर करते. रविवारी दुकानवाला टेम्पो पाठवून राह्यला. जुना देऊन नवा घेऊ."

म्हणजे मला न विचारता ठरवूनही झालं होतं! "रविवारपर्यंत याची घरघर थांबवून दाखवतो," मी म्हटलं. "नाई थांबली त खुशाल न्या." तोंडातून गेलं ते गेलं.

आधी धरलं दाराचं रबर. दारात कागद अडकवून ओढला तर सुळकन बाहेर आला, म्हणजे गारवा तिथून पळत होता. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. रबराच्या घडीतून काळा चिखल निघाला. कोळसा माझ्या फ्रीजमध्येही शिरला होता! जिथे रबर चपटं झालं होतं तिथे गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून ते फुगवलं. मग कागद पक्का बसला, पण घरघर काही थांबेना.

मग बर्फाकडे वळले. वरच्या कप्प्यात बोटभर थर साचला होता. उलथन्याने खरवडायला हात शिवशिवत होते, पण पत्र्याला भोक पडलं तर आतला गॅस जातो आणि फ्रीजच संपतो. म्हणून बटण बंद करून, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून बर्फ वितळू दिला. गारव्याचं बटण सातवर होतं, ते तीनवर आणलं. भिंतीला चिकटलेला फ्रीज वीतभर पुढे ओढला. वाफाळती भाजी तशीच आत ढकलायची नवऱ्याची सवय मोडायला गेले, त्यावरून शुक्रवारी भांडणही झालं. इतकं करून घरघर चालूच. शनिवारी सकाळी मला चक्क रडू आलं.

रडत बसणं आपल्याच्यानं होत नाही. मी धुणं काढलं आणि झूलही धुवायला घेतली. जायचाच असेल तर माझा फ्रीज मळक्या कपड्यात नको जायला. झूल दोरीवर टाकली आणि मशीनवर बसले. दुपारी बाही जोडताना लक्षात आलं, घर गप्प आहे. अगं बाई, मेला की काय? धावत जाऊन दार उघडलं. आत दिवा लागला, दूध गारढोण. जरा वेळाने घरघर सुरू झाली आणि आपोआप थांबलीसुद्धा.

संध्याकाळी झूल वाळली, मी परत चढवली. तर घरघर सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना. झुलीखाली हात घातला तर जाळी चटका बसेल इतकी तापलेली. आतली उष्णता तो बिचारा मागून बाहेर टाकू पाहत होता, आणि मी तिथेच गोधडी बांधली होती. लाज वाटली. झूल घडी करून पलंगाखाली ढकलली आणि ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. श्रेय रबराला द्यायचं.

रविवारी टेम्पो आला. फ्रीज शांत उभा. "रबर साफ केलं, थांबली घरघर. हा जात नाई," मी ठसक्यात सांगितलं. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, आमचाबी असाच घरघर करते. धुळीपायी त्याले झूलबी घातली हाय. रबर धुतलं का होईन बरा?"

आता हा माणूस घरी जाऊन माझ्यामुळे दिवसभर रबर घासत बसणार. मला राहवेना. "रबर धुवा, पण आधी झूल काढा, भाऊ," मी म्हटलं. "माह्या झुलीनंच होऊन राह्यलं होतं सारं."

टेम्पोवाला हसत निघून गेला. नवरा मात्र ना हसला ना चकित झाला. नुसता चपलेकडे बघत उभा.

"तुमाले मालूम होतं?"

"फ्रीजवाल्या मिस्त्रीनं सांगतलं होतं मले. महिना झाला."

"मंग बोलले काऊन नाई? नवा फ्रीज घ्याले निघाले!"

"कसं बोलू? तू महिनाभर शिवून राह्यली होती ते. साऱ्या गल्लीले दाखवली. नव्या फ्रीजले ते बसलीच नसती. आन् तुह्या शिवणाले नाव ठेवून या घरात कोन जेवन?"

मी हसायला लागले आणि डोळ्यांना पाणीही आलं, दोन्ही एकदमच. माझ्या धाकाने या माणसाने नव्या फ्रीजची तयारी केली होती. त्याला पायरीवर बसवलं, शेजारी बसले आणि विचारलं, "अजून काय काय सांगाचं राह्यलं हाय?"

तो जरा सरकून बसला. "चिडशीन नाई त सांगतो," म्हणाला, "पन आधी चहा ठेव."

चहा दोनदा ठेवावा लागला.