बाळगोळी

लीलाधर डॉक्टर १९२१ साली एरंडोलच्या म्युनिसिपल दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा सोबत बायको सुनंदाबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर तान्हा मुलगा. कापूस वेचणीला येईपर्यंत घरात डॉक्टर एकटे उरले.

झालं असं, की बाळ फार किरकिर करी. शेजारणींनी सांगितलं म्हणून सुनंदाबाईंनी त्याला बाळगोळी दिली. अफूची ही राईएवढी गोळी तेव्हा घरोघरी देत. मूल गुंगीत पडे आणि आई कामाला मोकळी होई. हे बाळ मात्र झोपलं ते उठलंच नाही. डॉक्टरांनी बायकोला बोल लावला नाही. खरं तर ते कित्येक दिवस काहीच बोलले नाहीत. मग तिचे भाऊ आले आणि तिला यावलला माहेरी घेऊन गेले.

दुसरं लग्न कर, असं सांगून वडील थकले. दवाखाना सुटला की डॉक्टर हुकाचा काटा आणि कापडाची झोळी घेऊन खेड्यांत जात, कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगून मुलं तोलत. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांची वाढ ते वर्षानुवर्षं ताडून बघत होते. पण तोललेल्या मुलाला दृष्ट लागते, आणि ज्याचं स्वतःचं मूल गेलं त्याचा हात आपल्या मुलाला लागू नये, अशी बोलवा होती. त्यांना बघून दारं लागत.

शेवटी सुंदरबाई नावाची निंदणीला जाणारी बाई तोंडावर म्हणाली, "डाक्टरभाऊ, गोळी नही दिधी तं पोऱ्या रडस. मंग निंदाले कोन जाई?"

याचं उत्तर डॉक्टरांना शोधावं लागलं. सुंदरबाईची म्हातारी सासू कमलबाई घरीच असे. तिनं बांधावरच्या झाडाखाली झोळ्या बांधून मुलं सांभाळायची आणि आयांनी मधून येऊन पाजायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी दोनच मुलं आली, आणि दोघांनी रडून शेत डोक्यावर घेतलं. पोळ्यापर्यंत झोळ्यांना फांद्या पुरेनात. हळूहळू आसपासच्या गावांनीही हे उचललं. मुलं अंगानं भरू लागली.

मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकानं त्यांचा लेख छापला. अंक आला, तो दाखवावा असं घरात कुणी नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी तो एकट्यानंच वाचला आणि भाकरी टाकायला उठले.

१९४६ साली नोकरी संपल्यावर ते भुसावळपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं यावलला गेले. सुनंदाबाईंचे केस पिकले होते. त्यांनी पाणी दिलं.

"एरंडोलकडे आता गोळी फारशी कुणी देत नाही," डॉक्टर म्हणाले.

"चांगलं झालं." मग त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही रागानं बोलला असतात, तरी मी गेले नसते. तुमच्या गप्प बसण्याला भ्याले मी."

"काय बोलावं ते मला सुचलं नाही."

"मलाही नाही."

त्यांनी जेवायला वाढलं. राहा म्हणाल्या नाहीत. चल, असं डॉक्टरांनीही म्हटलं नाही. उन्हं उतरल्यावर त्या गाडीपर्यंत आल्या. केळीच्या बागांआड रस्ता वळेपर्यंत डॉक्टर मागे बघत होते, आणि त्या तिथेच उभ्या होत्या.