टेपताईंनी कार्डाचं माप घेतलं

आमच्या समोरच्या दारातल्या टेपताई अख्ख्या इमारतीचं इंटरनेट चोरतात, अशी बातमी दोन आठवडे जिन्यावर खालीवर करत होती. कुणी म्हणे, त्यांच्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धबाधबा धावतात. कुणी म्हणे, दुपारच्या वेळी त्या कसलेसे आकडे वहीत उतरवून घेतात. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने तर धसका घेऊन आपला पासवर्ड दोनदा बदलला आणि दुसऱ्यांदा बदललेला स्वतःच विसरला.

यात खरं किती ते आधीच सांगून टाकतो. काळा पडदा खरा, पांढरी अक्षरं खरी, वहीसुद्धा खरी. चोरी मात्र साफ खोटी. दहा पावलांवरचं वाय-फाय ज्या लॅपटॉपला दिसत नव्हतं, तो चोरणार काय, डोंबल? शिवाय ते वाय-फाय आमचं, आणि त्याचा पासवर्ड आमच्या बायकोने तीन महिन्यांपूर्वीच चिठ्ठीवर लिहून ताईंच्या हातात ठेवलेला. बातमी कुठून सुटली तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला दुसरीकडून कळेलच. माझ्याच तोंडून सुटली. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की बाईंचं आत काहीतरी मोठं चाललंय. बाकीचं तिखटमीठ जिन्याने लावलं.

टेपताई म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाई. गळ्यात मेजरिंग टेप कायम असते, म्हणून टेपताई. एकदा त्या तशाच बँकेत गेल्या आणि पैसे काढून झाल्यावर कॅशियरला त्याच्या कॉलरची डावी बाजू अर्धा सेंटिमीटर वर आहे असं सांगून आल्या. बावीस वर्षं त्या समोरच्या दोन खोल्यांत पायमशीन चालवतायत. नवरा लवकर गेला. मुलगी त्यांनी त्या मशीनच्या पायडलवरच वाढवली, शिकवली आणि लग्न करून दुसऱ्या शहरात पाठवली.

त्यांचा एक हट्ट आहे. लेबलावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. गिऱ्हाईक म्हणालं, माझा साइज अमुक, की त्या "बरं" म्हणतात आणि टेप काढतात. याच पायी विमा एजंटाला आपल्या कंबरेचा खरा आकडा चार लोकांदेखत ऐकावा लागला होता. त्यांच्यावरच्या बातमीला त्याने एवढं खतपाणी का घातलं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तर या बाईंचा उजवा गुडघा यंदा बोलायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, मशीन दिवसाला एक तास, त्याच्या वर नाही. एक तासाच्या शिवणावर घर कसं चालायचं? मुलगी म्हणाली, आई, खोल्या सोड आणि आमच्याकडे ये. मुलगी मनापासूनच म्हणत होती. पण जावयाच्या घरात राहायचं म्हणजे चमचासुद्धा विचारून उचलायचा, असं ताईंनी आमच्या बायकोला सांगितलं, आणि बायकोने मला. मी कुणालाही सांगितलं नाही. तुम्ही पहिले.

तेवढ्यात एका शिवण शिकवणाऱ्या संस्थेची जाहिरात आली. घरबसल्या, पडद्यावरून शिकवायला बाई हव्या होत्या. ताईंनी अर्ज केला आणि बोलावणंही आलं. गुरुवारी सकाळी अकराला अर्ध्या तासाचा नमुना धडा द्यायचा. लॅपटॉपवर तोंड दिसलं पाहिजे आणि वरून टांगलेल्या फोनमधून हात दिसले पाहिजेत, अशी त्यांची अट. धडा जमला तर शिवणकाम फक्त पायातून सुटणार होतं, हातात राहणार होतं. नाही जमला तर पेट्या बांधायच्या आणि जावयाकडे.

लॅपटॉप होता मुलीचा जुना. त्यात पूर्वीचं सगळं फार रखडायला लागलं म्हणून जावयाने ते काढून लिनक्स नावाची हलकी, फुकटची प्रणाली घालून दिली होती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर तो तुरुतुरु चालायला लागला. फक्त आतलं वायरलेस मेलेलं. म्हणून ताईंनी दुकानातून बाहेरून लावायचं वायरलेस कार्ड आणलं. नावाला कार्ड, दिसायला बोटाच्या पेराएवढं. खोक्यावर ठळक लिहिलेलं की सगळ्या संगणकांवर चालतं. लिनक्स त्या सगळ्यांत बसत नव्हतं. लॅपटॉपला लावलं तरी कार्ड ढिम्म. दुकानदार म्हणाला, खोकं फोडलंय, परत घेणार नाही, त्यापेक्षा लॅपटॉपच नवा घ्या.

आमच्या घरून वायर ओढायची कल्पना माझी. मधल्या पॅसेजमधून वायर टाकलीसुद्धा, आणि दहा मिनिटांत विमा एजंट तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचला. वायर गुंडाळली. आमच्याकडचा संगणक टेबलाला जखडलेला आणि त्याला कॅमेरा नाही. लॅपटॉपच आमच्याकडे आणा म्हटलं, तर दुसऱ्याच्या घरात बसून शिकवायचं नाही हे ताईंचं पक्कं. ताईंच्या फोनचं वाय-फाय मध्यंतरी बिघडलेलं, त्याचं स्वतःचं नेट खोलीत रांगतं, आणि गुरुवारी तर तो फोन लॅपटॉपला जोडून नुसता कॅमेरा म्हणून वर टांगायचा होता. म्हणजे सगळं येऊन अडलं त्या पेराएवढ्या कार्डापाशी.

जावई कुठल्याशा ऑफिसात संगणक सांभाळतो. त्याने फोनवर विचारलं, आई, खोक्यावर मॉडेल कोणतं लिहिलंय? ताईंनी वाचून दाखवलं. त्याने समजावलं की संगणक आणि कार्ड यांना एकमेकांची भाषा येत नसली तर मध्ये दुभाषा बसवावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या मॉडेलचा ड्रायव्हर अमुक ठिकाणी मिळेल, तो उतरवून घ्या, मग काळ्या पडद्यावर मी पाठवतो त्या ओळी एकेक करून टाका. ताईंनी फोन केबलने लॅपटॉपला जोडला, रांगत्या नेटवर ड्रायव्हर उतरवला आणि ओळी टाकल्या. अक्षरं धावली, थांबली, चूक काही दाखवली नाही. कार्ड तसंच.

मग त्यांनी सगळं उसवलं आणि पहिल्यापासून पुन्हा घातलं. असं सात वेळा. प्रत्येक वेळी काय टाकलं आणि पडद्याने काय उत्तर दिलं, ते गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, ब्लाउज आणि पडद्यांच्या मापांमधल्या कोऱ्या पानांवर उतरवलं. आमची बायको म्हणाली, अहो ताई, त्यांचंच चुकत असेल. ताई म्हणाल्या, असं कसं, जावईबापू सांगतात म्हणजे माझाच टाका कुठेतरी सुटला असणार. बावीस वर्षं कुणाच्या शब्दावर विसंबून कात्री न लावणारी बाई, पण जावयापुढे टेप खिशात.

सोमवारी मी दोन शर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो. सेलमधले, एकाच कंपनीचे, एकाच साइजचे, आणि एक छान बसायचा तर दुसऱ्यात श्वास घेता येत नव्हता. शर्ट हे निमित्त. मला तो काळा पडदा जवळून बघायचा होता, हे तुम्ही ओळखलं असेलच. ताईंनी दोन्ही शर्ट टेबलावर पसरले, छातीवर टेप लावली आणि दोन इंचांचा फरक दाखवला. दोन वेगळ्या कारखान्यांतला माल, म्हणाल्या, वर लेबल तेवढं एकच टाचलंय. आणि बोलता बोलता थांबल्या. टेप तशीच शर्टावर ठेवून त्यांनी लॅपटॉपला खोचलेल्या कार्डाकडे पाहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "खोक्यावरचं मी सात वेळा वाचलं. आत काय आहे ते एकदाही मोजलं नाही."

मला काही कळलं नाही, पण मान हलवली. मी निघालो तेव्हा शर्टांचं विचारायचं राहूनच गेलं. अजून त्यांच्याकडेच आहेत. ताईंनी फोनवर शोधाशोध करून एक ओळ मिळवली, जी टाकली की लॅपटॉपला जोडलेली प्रत्येक वस्तू आपला खरा आकडा सांगते. आधी चार अक्षरं-आकडे, मध्ये दोन टिंबं, मग पुन्हा चार. कार्डाचा आकडा त्यांनी वहीत उतरवला आणि तोच फोनवर शोधला. कुठल्या तरी देशातल्या एका भल्या माणसाने लिहून ठेवलं होतं की या मॉडेलच्या नावाखाली कंपनी तीन वेगवेगळ्या चिपा विकते, आणि हा आकडा असेल तर चिप तिसरी, तिचा ड्रायव्हर वेगळा. जावयाने सांगितलेला होता पहिलीचा. पहिलीच्या मापाचा अंगरखा तिसरीला सात वेळा घालून पाहिला होता.

मंगळवारी दुपारी त्यांनी नवा ड्रायव्हर घातला. कार्डावरचा बारीक दिवा लुकलुकला आणि पडद्यावर आसपासच्या वाय-फायची यादी उमटली. मी आणि बायको दोघंही हजर होतो. मी यादी दोनदा वाचली. "आमच्याकडे नेटबिट नाही हो" असं गेली तीन वर्षं सांगणाऱ्या वरच्या शिक्षकांचं नाव यादीत ठळक होतं. पण तो विषय वेगळा, पुन्हा कधी जिन्यात भेटलात तर सांगेन.

मला खरी मजा आली पुढच्या फोनची. जावयाला काय सांगणार? सात वेळा चुकीचा ड्रायव्हर घालायला लावलात म्हणून? ताई फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं सगळं बरोबर होतं हो. कार्डच चुकीचं निघालं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, आणि त्याला कारण मी.

बुधवारी दुपारी ताई धड्याची तालीम करत होत्या. फोन खिडकीच्या पडद्याच्या दांडीला टांगलेला, खाली टेबलावर पांढरा कपडा. त्या खडू आणायला आत गेल्या आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली की नवीन सुधारणा आल्या आहेत, घेऊ का? आता कुणी इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी "हो" दाबलं. घरच्या कुठल्याही कामात न दिसणारी तत्परता, असं बायको नंतर म्हणाली.

गुरुवारी सकाळी नऊला ताईंनी लॅपटॉप सुरू केला. कार्डाचा दिवा गेलेला, यादी गेलेली. त्या आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीच बोलून टाकलं की काल एक बटण दाबलं होतं. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिता येणार नाही.

 ताईंनी परत जाऊन पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि वही काढली. म्हणाल्या, सुधारणांनी लॅपटॉपमधल्या लिनक्सचा गाभाच बदलला, आणि ड्रायव्हर होता जुन्या गाभ्याच्या मापाचा. धुतल्यावर कापड आटलं की कपडा फेकायचा नाही, पुन्हा माप घेऊन पुन्हा शिवायचा. मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खिडकीत उभे राहा." नव्या गाभ्यासाठी काही फायली उतरवायच्या होत्या आणि फोनचं नेट खिडकीबाहेर हात काढल्यावरच जरा उभं राहायचं. म्हणून केबल ताणून, फोन बाहेर धरून मी चाळीस मिनिटं उभा होतो. खालून विमा एजंट चालला होता. त्याने वर पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं.

मंगळवारी जे करायला त्यांना अख्खी दुपार लागली होती, ते वहीच्या एका पानावरून उतरत गेलं. एका ओळीत एक अक्षर चुकलं, पडद्याने नापसंती दाखवली, त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लिहिलं. दहा पस्तीसला दिवा लुकलुकला. यादी आली. बायकोने माझ्या हातातून फोन घेऊन दांडीला टांगला आणि मला खोलीबाहेर काढून दार लावलं.

दाराबाहेर उभं राहून ऐकणं हा गुन्हा नाही. धडा होता मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोलाईत, बाही बसवायचा. ताईंचा आवाज सुरुवातीला जरा ताठ होता, मग कापड हातात आल्यावर नेहमीसारखा झाला. दुसऱ्या बाजूच्या बाईंनी मध्येच विचारलं की एखादीने डावी बाही उजवीकडे लावली तर तुम्ही काय कराल? उत्तरादाखल मला फक्त टाचण्यांच्या डबीचा आवाज आला.  बायकोने नंतर सांगितलं की त्यांनी कॅमेऱ्यासमोर खरोखरच बाही उलटी टाचली आणि कापडाचा एकही धागा न दुखवता टाके सोडवून दाखवले. पलीकडच्या बाई पडद्याजवळ वाकून बघत होत्या म्हणे.

दुपारी चारला संस्थेचा फोन आला. आठवड्यातून तीन सकाळी, आधी तीन महिने, मग पुढचं बघू. पुढचं बघू हे मला जरा खटकलं, पण ताईंना नाही. त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं की सुट्टीत येईन, कायमची राहायला नाही, चार दिवस पाहुणी म्हणून. मग जावयाशी बोलल्या आणि बराच वेळ हसल्या. तो काय म्हणाला ते कळलं नाही. दार पुन्हा लागलं होतं.

संध्याकाळी त्या आमच्याकडे चिठ्ठी परत द्यायला आल्या, पासवर्ड आता पाठ झालाय म्हणाल्या. मी म्हटलं, आता तुम्ही मास्तरीणबाई झालात, आमच्यासारख्यांची फुटकळ कामं कशाला करणार? माझ्या ऑफिसच्या पिशवीची चेन गेलीय, ती आता कुणाकडे न्यायची?

ताई म्हणाल्या, "माझ्याकडेच आणा, आणि तुमचा चष्माही आणा. चेन तुम्ही बसवायची, मी समोर बसून चुका काढणार. सवय नको का व्हायला मला?"