मंजुनाथचे रक्त चांगले होते

सुनेचे, सरोजाचे, दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी दार लावून घेतले. एलायझा म्हणजे एचआयव्हीची पहिली रक्ततपासणी. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे तिची खात्री करणारी दुसरी.

"कधी रक्त चढवलं होतं?" बाईंनी विचारले.

सरोजाच्या आधी मीच बोललो. "बाळंतपणात, बाळ गेलं तेव्हा. माहेरी, आनेकलला. हिच्या भावाचं रक्त."

वाक्य खरे होते. मी ते खोटे बोलण्यासाठी वापरले.

माझा मुलगा चार महिन्यांपूर्वी गेला होता. टीबीने, असे आम्ही सांगत होतो. लग्नाआधी आखातातल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला होता. नापास होण्याचे कारण मी रिपोर्टमध्ये वाचले होते. आपल्या मराठी लोकांत चौकशा फार होतात, म्हणून मी कानडी घरातली मुलगी पाहिली.

"भावाचीही तपासणी करून घ्या," बाई म्हणाल्या.

मी त्याला, मंजुनाथला, गाठले. "कशाला? बभ्रा झाला तर ठरलेलं लग्न मोडेल तुझं."

तो तपासणीला गेला नाही. लग्न त्याने स्वतःच मोडले. बहिणीला हा आजार आपल्याच रक्ताने दिला, या समजुतीने तो तिच्यासमोर येईनासा झाला. राजाजीनगरात आमच्या मराठी नात्यातही मी हेच पसरू दिले.

विषाणूवरची औषधे तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. दर मंगळवारी ओपीडीत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात, ताप आणि तोंडातल्या बुरशीपुरती औषधे मिळत. बाकावर मी बायकांमध्ये अडकून बसे. के. आर. पुरमची तमिळ सेल्वी, एक नेपाळी बाई, एक उर्दू बोलणारी. सगळ्यांना लागण नवऱ्याकडून.

"आयुष्यात न मागता एवढंच आणून दिलं त्यानं," सेल्वी हसली. "तुलाही नवऱ्यानंच ना, अक्का?"

"यांनी नाही हो. माझ्या अण्णाचं, भावाचं रक्त..." सरोजाला पुढे बोलवेना.

"मग अण्णाला तपासलं का?" सेल्वीने माझ्याकडे पाहिले. "अज्जा, तुम्ही तरी सांगायचं!"

चौघी माझ्याकडे बघत होत्या. उठून जायला वाट नव्हती.

"अण्णाचा काही दोष नाही," मी म्हणालो. "माझ्या मुलाला होतं. लग्नाआधीपासून. मला ठाऊक होतं."

सरोजाने हातातला केसपेपर घडी करून पिशवीत ठेवला. मग कानडीत सासऱ्याला म्हणतात तसे म्हणाली, "मावा, इथे नको. आनेकलला चला. अण्णासमोर बोला."

बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे उभा. त्यांच्या अंगणात मी सगळे सांगितले. मंजुनाथने मला मारले नाही. त्याने बहिणीचे मनगट धरून पाहिले, "ज्वर आहे की गं," म्हणाला आणि तिला आत नेले. मला कुणी बोलावले नाही.

तपासणीत तो निगेटिव्ह निघाला. सरोजा पुढे दोन वर्षे त्याच्याकडेच जगली. ती गेल्याचा निरोप त्यानेच पाठवला: "या. पण आमच्या लोकांत उभं राहून मोठ्यानं सांगा, माझं रक्त चांगलं होतं."

मी सांगितले, कानडीत. राजाजीनगरातल्या आपल्या लोकांना मराठीत सांगायचे अजून राहिले होते.