वरच्या फळीवरची भांडी

एक विचारतो, खरं सांगा. उद्या तुम्ही दुसऱ्या गावात नवं दुकान टाकलंत, तर त्याची किल्ली कोणाच्या हातात द्याल? गोड बोलणाऱ्याच्या, की एकच गोष्ट दोनदा विचारणाऱ्याच्या?

घाई करू नका. मलाही उत्तर द्यायला सहा महिने लागले.

माझं जळगावात भांड्यांचं दुकान आहे. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. धंद्यात कसं बोलावं हे शिकवायला आता मोठ्या हॉटेलांत शिबिरं भरतात. एकदा मीही जाऊन आलो. जेवण चांगलं होतं. बाकी मला जे काही येतं, ते आमच्या दुकानातल्या वरच्या फळीने शिकवलं.

आमच्याकडे भांडं कोणी कोरं देत नाही. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांती असो, भांड्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजे. त्यासाठी दाराजवळ आमचे नाना बसतात, हातात नाव टाकायचं छोटं मशीन घेऊन. नानांचं अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं दिवसाला मोजून दहा वाक्यं. आता अडचण अशी की स्टीलवर उमटलेलं खोडता येत नाही. तोंडाने बोललेलं "मी तसं म्हटलंच नव्हतं" म्हणून फिरवता येतं. तांब्यावर टाकलेलं कसं फिरवणार?

म्हणून चुकलेली भांडी वरच्या फळीवर जातात. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी असते : काय चुकलं आणि कोणाचं चुकलं. पाणी, चहा, डबा, आमचं सगळं त्याच भांड्यांत चालतं. तुम्ही दुकानात आलात तर कुण्या परक्या माणसाच्या नावाच्या पेल्यातून पाणी प्याल. लोकांचे किस्से डोक्यात साठतात, आमचे फळीवर. सुताराला बोलावून ती फळी मी दोनदा लांब करून घेतली आहे.

*

आधी किल्लीचं सांगतो. धुळ्याला, देवपुरात, दुसरं दुकान टाकायचं ठरलं. तिथे बसवायला माझ्याकडे दोन माणसं होती.

एक हेमंत. डबा घ्यायला आलेल्या माणसाला कुकर, कढई आणि वर पाण्याची टाकी विकून पाठवेल असा. माझा धाकटा भाऊ दिलीप त्याच्यावर फिदा. "दादा, दुकान बोलण्यावर चालतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

दुसरी सुनीता. बोदवडहून रोज गाडीने येते. अकरा वर्षांपूर्वी ती गिऱ्हाईक म्हणून आली होती, गावातल्या बुद्धविहारासाठी पेले घ्यायला. नानांना तिने इतके प्रश्न विचारले, की नानांची त्या दिवसाची सगळी वाक्यं दुपारच्या आत संपली. पण पेले असे बिनचूक गेले की मीच तिला म्हटलं, "ताई, इकडे काउंटरच्या या बाजूला येता का?"

तर झालं असं, की तिच्या नवऱ्याची बदली देवपूरच्या शाळेत झाली. उन्हाळ्यात बिऱ्हाड हलणार. देवपूरचं दुकान तिला दिलं तर तिचं काम राहणार, नाहीतर सुटणार. तिने मागितलं मात्र नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, जूनपासून मला जळगाव जमणार नाही. आधीच सांगितलेलं बरं."

दिलीप म्हणाला, "जी स्वतःसाठी दुकान मागू शकत नाही, ती गिऱ्हाइकाला काय पटवणार?"

मला त्याचं म्हणणं थोडं पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

*

फळीवर डावीकडून पहिल्या अकरा वाट्या आहेत, त्या जामनेरच्या आबांच्या.

आबा आमचे जुने गिऱ्हाईक. फोन केला, "अकरा वाट्या पाठव. मागच्यासारखंच नाव टाक." फोन मी घेतला. मी नानांना सांगितलं, "आबांचं मागच्यासारखंच." नानांनी मागची चिठ्ठी काढली आणि तसंच टाकलं.

मागच्या वर्षी आबांनी वडिलांच्या नावाने भांडी वाटली होती. आता नातवाचं बारसं होतं. अकरा वाट्यांवर सुंदर अक्षरात आलं, 'वडिलांच्या स्मरणार्थ'.

आबा स्वतः न्यायला आले. एक वाटी उचलली, चष्मा लावला, वाचलं, दुसरी उचलली, वाचलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "भाऊ, पोऱ्याना बाप जित्ता शे. तठे गाडीमा बठेल शे. बलावू का?" बाहेर पाहिलं, तर पोराचा बाप खरंच गाडीत बसला होता.

तेव्हापासून आमच्या दुकानात 'नेहमीसारखं' आणि 'मागच्यासारखं' हे शब्द चालत नाहीत. चिठ्ठीवर नाव माझं आहे.

*

हेमंतचं भांडं म्हणजे एक मोठी परात.

एका मुलीचे मामा रुखवताची भांडी सांगून गेले. जाताना म्हणाले, "शनिवारी मिळतील ना?" हेमंत म्हणाला, "होऊन जाईल." आपल्याकडे 'होऊन जाईल'चा अर्थ काय, तुम्हाला माहीत आहे. होईल असाही होतो, विसरा असाही होतो. हेमंतने नानांना सांगितलंच नाही.

शनिवारी मामा फेटा बांधून दारात उभे. लग्न चार तासांवर, भांडी कोरी.

शेवटी नाना, मशीन आणि एकतीस भांडी टेम्पोत घातली आणि थेट मंगल कार्यालयात नेली. डीजेवाल्याच्या बोर्डात मशीनची पिन लावली आणि नाना स्टेजच्या बाजूला मांडी घालून बसले. लोकांना वाटलं, हा लग्नातला नवा प्रकार आहे. नानांसमोर रांग लागली. एकाने पाण्याची बाटली आणली, एकाने गाडीची किल्ली. एक गृहस्थ तर कार्यालयाचाच वरणाचा डाव घेऊन आले, "याच्यावर माझं नाव टाका."

नानांनी मशीन बंद केलं. "ज्याचं भांडं त्याचं नाव," म्हणाले, आणि पुन्हा चालू केलं.

या गडबडीत नवरदेवाचं नाव नवरीकडच्या परातीवर गेलं. ती आपल्या फळीवर आली. पण हेमंतने त्याच मांडवात दोन नव्या लग्नांच्या ऑर्डरी पक्क्या केल्या. दिलीप खूश. "बघ दादा, माणूस चुकला तरी धंदा घेऊन येतो."

सुनीताने मला हळूच विचारलं, "भाऊ, त्या दोन्ही लग्नांच्या तारखा विचारल्या का त्यांनी?"

विचारल्या नव्हत्या. एक लग्न पुढच्या आठवड्यात होतं.

*

सुनीताची पद्धत वेगळी. गिऱ्हाइकाने काय टाकायचं ते स्वतःच्या हाताने लिहायचं आणि तिच्यासमोर मोठ्याने वाचायचं. त्याशिवाय कागद नानांकडे जात नाही. हेमंत तिला चिडवायचा, "ताईंनी शाळा उघडली. आता गिऱ्हाइकाला अंगठे धरायला लावतील."

एकदा एका सोसायटीचे चेअरमन आले, बायकोला घेऊन. देवळाला समई द्यायची होती. साहेबांनी ऐटीत लिहिलं. सुनीता म्हणाली, "जरा वाचून दाखवता?"

"मला काय वाचता येत नाही असं वाटलं का?"

"तुम्हाला येतं हो. मला ऐकायचंय."

साहेबांनी वाचलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सोसायटी, हुद्दा. मागून बाई म्हणाल्या, "परत एकदा वाचा बरं."

साहेबांनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा हळू.

बाई म्हणाल्या, "समई आपण दोघं देतोय ना?"

साहेबांनी पेन मागितलं. बायकोचं नाव लिहिलं, आणि लिहिलं तेही स्वतःच्या वर. ते भांडं अर्थातच आमच्या फळीवर नाही, देवळात आहे. पुढच्या महिन्यात बाईंच्या भिशीतल्या सगळ्या बायका सुनीताचं नाव विचारत आल्या. दिलीप म्हणाला, "योगायोग."

*

फळीवर भांड्यांच्या मधे एक नुसती कुकरची शिट्टी आहे. ती दिलीपची.

दिलीपने मोबाइलवर दुकानाचा ग्रुप काढला. एक दिवस त्यात लिहिलं, 'नवे कुकर कंपनीला परत करायचे का?' त्याच्या मते हा प्रश्न होता. हेमंतने अंगठा टाकला, त्याच्या मते 'वाचलं'. मी अंगठा टाकला, माझ्या मते 'संध्याकाळी बोलू'. सुनीता गाडीत होती, तिला रेंज नव्हती. दिलीपने दोन अंगठे मोजले आणि टेम्पो बोलावला. ऐन लग्नसराईत.

नानांकडे साधा फोन आहे, ते ग्रुपवर नाहीत. त्यामुळे दुकानात तोंडाने विचारणारे ते एकटेच उरले होते. टेम्पोकडे बघून म्हणाले, "कुकर कथा चालनात?"

दिलीप म्हणाला, "कुठे म्हणजे? कंपनीकडे, परत. सगळ्यांनी हो म्हटलं."

नाना म्हणाले, "मी तर काहीच ऐकलं नाही." आणि नानांचे कान, सांगून ठेवतो, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले आहेत.

टेम्पो पुढच्या चौकात थांबवला. कुकर उतरवताना एक शिट्टी रस्त्यावर घरंगळली, ती नंतर सापडली, पण कोणत्या कुकरची ते कळलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे अंगठा बंद. जे काय असेल ते शब्दांत लिहायचं. हा नियम मी केला आणि ग्रुपवर टाकला. त्याला दिलीपने अंगठा दिला.

*

आता शेवटचं.

देवपूरच्या दुकानाचं काम सुरू झालं. मी धुळ्यात, बाकी सगळे जळगावात. किल्लीचं अजून ठरत नव्हतं. दिलीप रोज हेमंतचं नाव घ्यायचा, सुनीता रोज नेहमीच्या गाडीने यायची आणि काही बोलायची नाही. एकदा मधेच जळगावला गेलो, तेव्हा तिच्या टेबलावरचा तिचा चहाचा पेला मात्र तिने घरी नेलेला मला दिसला. माणूस निघायच्या तयारीला लागला की आधी अशी बारीकसारीक वस्तू घरी नेतो.

उद्घाटनाला येणाऱ्या प्रत्येकाला एक स्टीलचा डबा द्यायचा, असं मी ठरवलं. सुनीताला फोन केला. मागे सुताराची ठोकाठोक चालली होती.

"दोनशे डबे. वर दुकानाचं नाव, खाली 'शुभारंभ, गुढीपाडवा'. घे लिहून."

तिने लिहून घेतलं, वाचून दाखवलं. मग म्हणाली, "भाऊ, पाडव्याला नक्की ना? सुतारांना विचारलंत?"

मी चिडलो. "सुनीता, दुकान माझं आहे. जेवढं सांगतो तेवढं टाक."

"बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने एका डब्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'हे बरोबर आहे का? वाचून सांगा, मग बाकीचे टाकते.' मी रंगवाल्याशी भांडत होतो. फोटो उघडलाही नाही. अंगठा टाकला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूरच्या दुकानासमोर रिक्षा थांबली. सुनीता उतरली. बोदवडहून जळगाव गाडीने, जळगावहून धुळे एसटीने, हातात पिशवी, पिशवीत एक डबा.

"तू इकडे कशी? डबे कुठे?"

"हा एक टाकलाय. एकशे नव्व्याण्णव कोरे आहेत."

"मी हो म्हटलं होतं ना?"

"तुम्ही अंगठा दिला होता, भाऊ. तो आपल्याकडे चालत नाही." तिने डबा माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाचा."

सुतार, रंगवाला, समोरचा चहावाला, सगळे बघत होते. मी वाचलं, "शुभारंभ, गुढीपाडवा."

शिडीवर बसलेला सुतार थांबला. "पाडवा? शेठ, तुम्ही तर मला आखाजी सांगितली. म्हटलात, लाकूड यायचंय, आता आखाजीलाच करू. मी तसं धरून चाललोय."

खरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मीच तारीख पाडव्यावरून आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, ढकलली होती. सुताराला सांगितलं होतं, रंगवाल्याला सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं, चहावाल्यालासुद्धा. ज्यांनी डबे करायचे होते त्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि फोनवर जुनी तारीखच तोंडातून गेली होती.

मी तिथूनच दिलीपला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. मग पलीकडून हेमंतचाच आवाज आला. "भाऊ, खरं सांगू? मी दोनशेच्या दोनशे टाकून, गाठोडी बांधून ठेवली असती."

दिलीप म्हणाला, "दादा, किल्ली देऊन टाक."

मी खिशातून काढून तिच्या हातात ठेवली. तिने ती दोनदा पाहिली. "शटरची, की मागच्या दाराची?"

"शटरची. मागच्याची घरी राहिली, उद्या आणतो."

"उद्या किती वाजता?"

आखाजीला शुभारंभ झाला. सणाला माहेरी आलेल्या पोरीबाळींनी दुकान भरून गेलं. नाना मशीन घेऊन खास जळगावहून आले, हेमंतने दारात उभं राहून निम्मं धुळं आत आणलं. गर्दी ओसरल्यावर पाहिलं, तर आतल्या भिंतीवर सुनीताने नवी कोरी फळी ठोकून घेतली होती. फळीवर एकच डबा, पाडव्याचा. शेजारी तिचा चहाचा पेला. डब्याखाली चिठ्ठी, पण कोरी.

"भाऊ, कोणाचं नाव लिहू?"

मी म्हटलं, "एक विनंती आहे. तू मालकिणीसारखी बस, हवं तसं दुकान चालव, मी विचारणार नाही. फक्त या फळीचा हिशोब प्रामाणिकपणे ठेव. चूक माझी असो, तुझी असो."

तिने लिहिलं. पेनाला टोपण लावलं. मग चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"मोठ्याने वाचा, भाऊ."