दारातलं हळदीचं अंडं

मोताळ्याहून जर्मनीला निघालो त्या सकाळी आईने मी, नवरा आणि दोन पोरं अशा आमच्या चौघांवरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तडतड ऐकून म्हणाली, "पाह्य, केवढी नजर लागेल होती!" मग बॅगेत वाळलेल्या पळसफुलांची पुरचुंडी कोंबली, उन्हाळ्यात पोरांना त्या पाण्याने आंघोळ घालायची म्हणून. जर्मनीत कसला आलाय तसला उन्हाळा! गाडी सुरू झाली तरी तिचं चालूच होतं, "दारात काई पडेल दिसलं तं हात लावू नको बरं माय. लोकायचं काई सांगता येत नाही."

मी हसले होते. इंजिनिअर बाई मी, करणीबिरणी कुठली मानायला!

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी दार उघडलं आणि तिथेच थबकले. पायरीशी, गवतात, पिवळंधमक अंडं. हळदीचंच; तो रंग मी झोपेतही ओळखेन. कुंडीमागे दुसरं, तांबडं. लिंबू तेवढं नव्हतं. आपल्याकडे चौरस्त्यावर असलं दिसलं तर आपण पोरांचा हात ओढून दुसऱ्या कडेने जातो, इथे तर थेट माझ्या दारात! माझी मुक्ता, पाच वर्षांची, "सापडलं, सापडलं" करत धावली, तशी मी ओरडले, "हात लावशील तर खबरदार!" दोन्ही अंडी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली. समोरच्या खिडकीत शेजारच्या हेल्गा आजी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी पडदा ओढला. म्हटलं, सापडली चोर!

मुक्ता रडत सांगत होती, ईस्टरला ससा अंडी लपवतो, मुलांनी शोधायची असतात. ससा? आणि अंडी? माझा संशय आणखीच वाढला. शेवटी किंडरगार्टनच्या बाईंनी समजावलं, की ससा कुठला, शेजारपाजारची मायेची माणसंच ठेवतात. ऐकून रडूच आलं. या गावात माझ्या पोरांना मांडीवर घेणारी तेवढी एकच बाई होती. त्यानंतर ती नुसती मान हलवून पुढे जायची, आणि 'करणी' हे जर्मनमध्ये सांगायचा मला धीर झाला नाही.

म्हणून यंदा आम्हीच रंगवायला बसलो. मुक्ताने कांद्याची सालं जमवली होती. धाकट्या रघूने हळदीत कोपरापर्यंत हात घातला. लाल कोबीच्या पाण्यातून अंडं चक्क निळं निघालं. म्हटलं, यात काहीतरी गडबड आहे! पातेल्यात दोनदा डोकावले. आई फोनवर बघत होती. तिच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलेलं नाही.

"अन् हे कोनाच्या दारात ठेवून राह्यली?"

"हेल्गा आजींच्या."

तिने फोन आणखी जवळ घेतला. मग हळूच, "काऊन? तिनं काई केलं का तुले?"

हसू की रडू कळेना. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मंग पळसाचं ठेव. ते आपलं हाय."

पुरचुंडीतली फुलं उकळली आणि अंडं केशरी निघालं.

ईस्टरच्या सकाळी आम्ही तिघं पडद्याआड उभे. हेल्गा आजींनी दार उघडलं, अंडं पाहिलं, पण वाकल्या नाहीत. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे रोखून. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, अंडं उचललं, हुंगलं, आणि मुक्ताला हाताने बोलावलं. पोरगी अनवाणीच पळाली.

आईला फोन लावला.

"उचललं का तिनं?"

"उचललं."

"घरात नेलं?"

"नेलं. मुक्तालाही नेलं."

"मंग आता तेबी घर तुहंच समज," आई म्हणाली. "पन सांजच्याले पोरायवरून मीठ-मोहऱ्या उतरवजो."