करारावर दिलेला पिसारा

मी रत्नागिरीत कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मोर पिसारा का फुलवतो, लांडोर त्यात काय बघते, हे इतकं रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची झोपाळू मंडळीही जागी होतात. माणूस काही वेगळा नाही, बायका शेवटी पुरुषाची ऐपतच पाहतात, हे माझं आवडतं वाक्य. चार मुलींनी नकार दिल्यावर तर ते मी स्टाफरूममध्येही ऐकवू लागलो. दोष माझ्यात असणं शक्यच नव्हतं, तो लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत होता.

पाचवी मुलगी पालीची, बँकेत नोकरीला. हल्ली नुसत्या पोह्यांवर भागत नाही, मुलीकडचे बागही बघायला येतात. मे महिन्यात ती, तिचे वडील आणि हे स्थळ आणणारी माझी आत्या आमच्या आंब्याच्या बागेत आले. कलमं लगडलेली. हे आजोबांनी लावलेलं, हे वडिलांनी, असं सांगत मी पुढे चाललो होतो. ती मला फार आवडली होती, त्यामुळे बुद्धी रजेवर. बाग यंदा करारावर दिली होती, म्हणजे झाडं आमची आणि फळ ठेकेदाराचं. हे सांगायचं राहून गेलं, असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. मी ते मुद्दाम टाळलं.

मग तिच्यासाठी आंबा काढायला जाळी लावलेला लांब काठीचा झेला उचलला. खोपीतून ठेकेदाराचा नवा नेपाळी राखणदार काठी घेऊन धावत आला.

"साहब, ठेकेदार को पूछा?"

"मैं मालिक हूँ," मी छाती काढून म्हटलं.

"सब यही बोलते हैं." त्याने झेला काढून घेतला.

तिने विचारलं, "बाग तुमचीच ना?"

"बाग आमचीच. आंबे यंदा ठेकेदाराचे."

"बरं," ती म्हणाली.

आठवड्याने नकार आला. बघा, आंबे नाहीत म्हटल्यावर गेली, असं मी स्टाफरूममध्ये महिनाभर सांगत होतो. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, सावर्ड्याच्या एका शिक्षकाशी. भाड्याच्या दोन खोल्या, आणि झाड म्हणावं तर दारातली तुळस. हे काही माझ्या सिद्धान्तात बसेना. शेवटी आत्याला नकाराचं कारण विचारलं.

ती बिरड्याचे वाल सोलत होती. "बागा करारावर सगळेच देतात रे, तिच्या वडलांनी पण दिल्येय. ती म्हणाली, राखणदार आला नसता तर यांनी लग्न होईस्तोवर सांगितलं नसतं."

"सांगितलं असतं," मी म्हटलं.

आत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मला दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही.