नेल्सनचा होकार

“हो म्हणायला तुझं काय जातं?” मी नेल्सनला विचारलं. एडनाआजींचा जेवणाचा ट्रे तिसऱ्या दिवशीही भरलेलाच परत आला होता.

“हो म्हटलं तर पाळावं लागेल,” तो म्हणाला.

२००४ साल. पेनसिल्व्हेनियात मेनोनाइट लोकांच्या वृद्धाश्रमात मी नर्सिंग सुपरवायझर होते. मेनोनाइट हा शस्त्र न उचलणारा ख्रिस्ती पंथ. आमच्याकडचे मेनोनाइट शपथ घेत नसत, कारण रोजचा साधा शब्दच त्यांच्या लेखी शपथेइतका पक्का. हे मला माहीत होतं. कामाच्या आड येईल असं वाटलं नव्हतं.

एडनाआजींना डिमेन्शिया होता. लग्न झालेलं नव्हतं. ठरलं होतं, पण त्यांचा पॉल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सेवाकामाला गेला तो परतलाच नाही. भरवणारा, उठवून बसवणारा नेल्सन त्यांना पॉल वाटे. “माझ्याशी लग्न करशील ना?” त्या रोज विचारत. “एडना, मी नेल्सन,” तो सांगे. मग रडणं, आणि जेवण बंद.

अशा वेळी पेशंटच्या समाधानासाठी जे खोटं बोलतात, त्याला आम्ही थेरप्युटिक फिब म्हणतो. औषधासारखं खोटं.

“ही माझी ऑर्डर समज,” मी म्हटलं. “उद्यापासून हो म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी आजींनी सूप संपवलं, बटाटे संपवले, वर गोड म्हणून अ‍ॅपल पाय मागितला. मी खूश.

आठवड्याने रेचल माझ्या ऑफिसात आली. तीही आमच्याकडेच केअरगिव्हर. ऑक्टोबरमध्ये तिचं नेल्सनशी लग्न होतं.

“तो म्हणतो, थांबू या. एडना आहेत तोवर.”

मला हसू आलं. ती हसली नाही.

“तुला राग नाही येत?”

“येतो ना! पण संध्याकाळी त्यांना मीच भरवते. त्या मला करवली व्हायला सांगतात. मी काय म्हणू, सुधा? तुम्हीच सांगा.”

मी तडक नेल्सनकडे गेले. “ऑर्डर कॅन्सल.”

“ऑर्डर तुमची होती,” तो शांतपणे म्हणाला. “शब्द मी दिलाय.”

हा खुळा आहे की मी, ते मला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही धड कळलेलं नाही.

रविवारी आजींची भाची भेटायला आली. मावशी लग्नाच्या गोष्टी करतेय म्हणून तिने नेल्सनला विचारलं. त्याने हो सांगितलं. ती थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे. सोमवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“तू तिला लग्नाचं वचन दिलंस?”

“हो.”

“गमतीत?”

“नाही.”

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांनी आजींचा चार्ट उघडला. “इथे तशी काही सूचना नाही. सुधा, तू काही सांगितलं होतंस?”

माझं ग्रीन कार्ड याच संस्थेमार्फत चाललं होतं. मी म्हटलं, “पेशंटची चूक दाखवत बसू नका, एवढं मी सगळ्यांनाच सांगते.”

नेल्सनने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. दुपारपर्यंत त्याची नोकरी गेली. रेचलने त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

एडनाआजींनी पुन्हा जेवण सोडलं. मी स्वतः भरवायला बसले. तोंड उघडत नसत. पॉल कुठे आहे, एवढंच विचारत. येतोय, असं मी न अडखळता सांगायचे. थंडी सुरू होता होता त्या गेल्या.

अंत्यविधीला नेल्सन आणि रेचल शेवटच्या बाकावर होते. मी जवळ गेले. “त्या दिवशी ऑफिसात मी...”

“एडना शेवटी जेवत होत्या का?” त्याने मध्येच विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. रेचलने त्याचा हात धरला. माझं बोलणं अर्धंच राहिलं.

वसंतात त्यांचं लग्न झालं. आमंत्रण आलं होतं. मी ड्युटी लावून घेतली. ग्रीन कार्ड यथावकाश आलं.

तोंडी ऑर्डर दिली की त्याच शिफ्टमध्ये चार्टमध्ये लिहावी आणि खाली सही करावी. नव्या नर्सेसना ओरिएंटेशनमध्ये हे मीच शिकवायचे. नंतरही बरीच वर्षं शिकवत राहिले.